काचेतून कृष्णवर्णीयांचा इतिहास सांगता येतो. खानापूरच्या सिद्दींचाही सांगता येईल का?

चित्रकलाशिक्षक, खानापूर

नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत चित्रकला शिकवतो. जंगलालगतच्या वाड्यांवरून येणारी काही सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाची, मुले माझ्या वर्गात आहेत. १६६० सालच्या पन्हाळ्याच्या वेढ्याचा आणि सिद्दी जौहरचा विषय निघाला की वर्गातील बाकीची मुले मान वळवून या मुलांकडे बघतात. त्यांतील एकाने मला गेल्या वर्षी विचारले, “सर, आम्ही त्या जौहरचे कोण?” मला उत्तर देता आले नाही.

मराठी वाचकाला सिद्दी म्हटले की जंजिरा आठवतो. त्याहून थोडे अधिक वाचलेल्याला मलिक अंबर आठवतो: इथिओपियातील हरारकडून गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादमार्गे दख्खनमध्ये पोहोचलेला, निजामशाहीचा कारभार हाती घेऊन १६१० मध्ये खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवणारा. परंतु पोर्तुगीजांनी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गोव्यात आणलेली आणि तिथून निसटून घाट चढून आमच्या रानात येऊन राहिलेली माणसे कोणत्याच बखरीत नाहीत.

सुट्टीत फ्रेड विल्सन या अमेरिकी कलावंताच्या काळ्या काचेच्या झुंबरांची छायाचित्रे माझ्या पाहण्यात आली, आणि कृष्णवर्णीयांच्या इतिहासावर काचेतून काम करणारे आणखीही शिल्पकार आहेत हे त्या ओघात समजले. (या प्रश्नाच्या शीर्षकात मी आधी ‘काळा इतिहास’ असे लिहिले होते. मग लक्षात आले की मराठीत त्याचा अर्थ भलताच होतो, आणि ‘काळा’ या शब्दाचे आपण काय करून ठेवले आहे हेही लक्षात आले.) डिसेंबरातील स्नेहसंमेलनात मांडण्यासाठी मुलांकडून सिद्दींच्या इतिहासावर काचेचे एखादे शिल्प करून घ्यावे, असा माझा विचार आहे. काच नाजूक असते, फुटते, तिच्यातून आरपार दिसते. तेव्हा दुःख आणि सत्य ही दोन्ही तिच्यातून सुचवता येतील, असे मी टिपणात लिहिले खरे, पण वाचताना ते मलाच पोकळ वाटले.

म्हणून विचारतो की या कलावंतांनी काचच का निवडली? खानापुरात मडक्यांच्या आणि कौलांच्या भट्ट्या आहेत, काचेची एकही नाही, तेव्हा इथे हे करता येईल का? आणि मी स्वतः सिद्दी नसताना हे काम हाती घेणे रास्त होईल का?

काळी पोत, टिळकवाडी

सर, आपल्याला जाणवलेला पोकळपणा खरा आहे. नाजूकपणाचे रूपक कशालाही चिकटते. उद्या कोणी स्त्रीजीवनावर किंवा नद्यांच्या प्रदूषणावर काचेचे शिल्प केले तरी तो हेच लिहील. विल्सन यांच्या झुंबरातील काच फुटते म्हणून तिथे आलेली नाही, ती व्हेनिसची आहे म्हणून आली आहे.

हे समजून घेण्यासाठी त्यांचे आधीचे एक काम माहीत असणे आवश्यक आहे. १९९२ मध्ये बाल्टिमोर येथील मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीच्या संग्रहालयात त्यांनी स्वतः काही न घडवता तिथल्याच कोठारातील वस्तू नव्याने मांडल्या. एका कपाटात नक्षीदार चांदीचे पेले आणि सुरया होत्या; त्यांच्या मधोमध त्यांनी गुलामांच्या पायातील लोखंडी बेड्या ठेवल्या आणि चिठ्ठी लावली, ‘धातुकाम, १७९३ ते १८८०’. एवढेच. चांदी आणि बेडी एकाच समाजात, एकाच काळात घडवली जात होती, हे सांगायला वेगळ्या वाक्याची गरज उरली नाही. २००३ च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, अमेरिकेच्या दालनाचे काम त्यांच्याकडे आले तेव्हा त्यांनी हीच नजर व्हेनिसकडे वळवली. तिथल्या जुन्या चित्रांत कोपऱ्यात उभे असलेले कृष्णवर्णीय सेवक आणि नावाडी, श्रीमंतांच्या घरांत दिवा धरून उभे असलेले काळ्या माणसांचे लाकडी पुतळे, आणि शेक्सपिअरचा ऑथेल्लो, म्हणजे व्हेनिसचाच मूर (कृष्णवर्णीय) सेनापती. त्या प्रदर्शनाचे नावही ऑथेल्लोच्या अखेरच्या भाषणातून घेतले होते. झुंबर हे व्हेनिसजवळच्या मुरानो बेटाचे सर्वांत मिरवलेले उत्पादन. ते त्यांनी मुरानोच्याच कारागिरांकडून, त्यांच्याच पद्धतीने, काळ्या काचेत करून घेतले. ज्या वस्तूकडे आपण उजेडासाठी बघतो, ती काळी होऊन छताला लटकलेली दिसते.

पण काचेचे या इतिहासाशी असलेले नाते याहून जुने आहे, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथे आहे. व्हेनिसमध्ये बनलेले काचेचे मणी शतकानुशतके आफ्रिकेच्या किनाऱ्यांवर मोबदला म्हणून वापरले गेले. कापड, तांब्या-पितळेची कडी, बंदुका, दारू आणि मणी यांच्या बदल्यात सोने, हस्तिदंत आणि माणसे घेतली जात. म्हणजे आज ज्या मण्यांच्या माळा संग्रहालयात ‘व्यापारी मणी’ म्हणून सुंदर मांडलेल्या दिसतात, त्यांतील काही कोणाच्या तरी किमतीचा भाग असतील. या इतिहासावर काचेतून काम करणारा कलावंत काचेला साक्षीला बोलावतो, रूपकाचे काम तिच्याकडे नंतर येते.

याची दुसरी बाजू बहुतेकांना माहीत नसते. काच बाहेरून आली आणि आफ्रिकेने ती भुलून घेतली, हे चित्र चुकीचे आहे. नायजेरियातील इले-इफे या योरुबांच्या पवित्र नगरात काच वितळवण्याच्या मुशींचे तुकडे सापडतात. लिओ फ्रोबेनियस या जर्मन संशोधकाने ते १९१० मध्येच पाहिले होते, परंतु ही काच तिथेच बनत असावी हे मान्य व्हायला जवळपास शंभर वर्षे गेली. अबिदेमी बाबालोला यांनी इग्बो ओलोकुन येथे केलेल्या उत्खननात १२ हजारांहून अधिक मणी मिळाले, आणि त्या काचेत चुना व ॲल्युमिना यांचे प्रमाण इतके वेगळे आहे की ती युरोपची किंवा अरबस्तानची असू शकत नाही. हा काळ अकराव्या ते पंधराव्या शतकाचा, म्हणजे पोर्तुगीज जहाजांच्या आधीचा.

आपला संबंध तर आणखी जवळचा आहे. दक्षिण आफ्रिकेतील मापुंगुब्वेजवळच्या वसाहतीत भारतीय उपखंडाकडून समुद्रमार्गे गेलेले बारीक काचमणी वितळवून त्यांचे मोठे, बसक्या पिंपासारखे मणी हजारएक वर्षांपूर्वी तिथल्या कारागिरांनी घडवले. गुजरातेत रतनपूरच्या अकीक-खाणींशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते बाबा घोर हे आफ्रिकी वंशाचे पीर, आणि त्यांच्या दर्ग्याची सेवा सिद्दी करतात. (अकीक हा दगड आहे, काच नव्हे, हे मला ठाऊक आहे, परंतु मण्यांच्या पेठेत दोघांचा रस्ता एकच होता.)

मण्यांतूनच शिल्प घडवणाऱ्या जॉइस स्कॉट यांचे काम आपण अवश्य पाहावे. १९४८ मध्ये बाल्टिमोरमध्ये जन्मलेल्या या बाई सुई-दोऱ्याने मण्यात मणी अडकवत, पुष्कळदा आत कसलाही सांगाडा न घालता, उभ्या आकृती विणतात. वर्णद्वेष, जमावाने केलेल्या हत्या, गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या हॅरिएट टबमन, असे त्यांचे विषय. लांबून तो दागिना वाटतो, जवळ गेल्यावर काय विणले आहे ते कळते आणि मग मान फिरवता येत नाही. ब्रिटनमधील ख्रिस डे यांचा मार्ग निराळा आहे. ते मूळचे प्लंबर. तांब्याच्या नळ्या आणि तारांचा पिंजरा करून त्यात ते तापलेली काच फुंकतात; काच फुगते, पिंजऱ्याच्या फटींतून बाहेर येऊ पाहते आणि तशीच थिजते. २०२१ मध्ये त्यांचे प्रदर्शन हेअरवूड या वाड्याच्या आवारातील जुन्या चर्चमध्ये झाले. तो वाडा वेस्ट इंडीजमधील साखरेच्या, म्हणजे गुलामांच्या श्रमाच्या, पैशांतून उभा राहिलेला आहे. इथेही साहित्य आणि जागा दोन्ही स्वतःच साक्ष देतात.

माझे नाव या मंचावर ‘काळी पोत’ आहे, ते मी गमतीने घेतले होते. आपल्या मंगळसूत्रातील काळे मणी काचेचेच असतात, आणि तो काळा रंग आपण अशुभ मानत नाही, उलट दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात बांधतो. शीर्षकाविषयी आपण कंसात जे लिहिले त्यावरून हे आठवले.

उद्यमबाग भट्टी

सरांच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. माझे आयुष्य बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कामात गेले आहे, काचेचा नाद अलीकडचा.

काच फुंकण्याचा विचार शाळेने सोडून द्यावा. त्यासाठी ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास सतत तापलेली भट्टी लागते आणि हात बसायला वर्षे जातात. मोठा ठोकळा ओतण्याचाही विचार नको. काच बाहेरून आधी थंड होते, आत गरम राहते. नंतर आतला भाग आकसतो आणि ताण धरून बसतो. बिडाच्या जाड ओतीवात जे होते तेच, फक्त बीड निमूट सहन करते आणि काच चार दिवसांनी कपाटात ठेवलेल्या जागी तडकते. जाड काचेला उतरत्या उष्णतेत आठवडे ठेवावे लागते. विजेचे बिल कोण भरणार?

मणी मात्र करता येतील. घानामधील क्रोबो लोक बाटल्या कुटून पूड करतात, ती मातीच्या साच्यातील खळग्यांत भरतात, मधोमध कसाव्याच्या पानाचा देठ उभा करतात आणि साचा लाकडाच्या भट्टीत ठेवतात. देठ जळून जातो, भोक राहते. पूड एकमेकीला चिकटण्यापुरती वितळायला साधारण ८०० ते ८५० अंश पुरतात, आणि खानापूरचे कुंभार आपली भांडी जवळपास याच उष्णतेला भाजतात. तालुक्यात कुंभारकामाचे शिक्षण देणारी संस्थाही आहे, तिथे उष्णता मोजण्याचे साधन असेल. साच्याला आतून चिनी मातीचा पातळ हात द्यावा, नाहीतर मणी साच्यासकट फोडावे लागतील. एका मण्यात एकाच बाटलीची काच वापरावी. दोन कारखान्यांच्या काचा सारख्या आकसत नाहीत. सुमारे ५४० अंशांवर काही वेळ थांबून मग भट्टी बंद ठेवून रात्रभर आपोआप निवू द्यावी. काच कुटताना ती ओल्या गोणपाटात धरावी, नाकाला पट्टी आणि डोळ्यांना चष्मा हवा, आणि हे काम मुलांना देऊ नये. ते मी करून देईन. तपकिरी बाटल्याही मीच आणतो, मुख्याध्यापकांना त्या कुठून आल्या हे सांगत बसण्याची वेळ आपल्यावर येऊ नये.

काळ्या काचेविषयी एक गोष्ट. जी काच आपल्याला काळी दिसते ती सहसा गर्द जांभळी, निळी किंवा हिरवी असते. मँगनीज, कोबाल्ट, लोह यांचे प्रमाण वाढवले की उजेड आरपार जात नाही आणि आपण तिला काळी म्हणतो. ताईंनी पोतीतील एखादा फुटका मणी घेऊन त्याचा पातळ कपचा उन्हात धरून पाहावा.

रानवाट

मी सिद्दी आहे, याच तालुक्यातील आहे, आणि सध्या धारवाडला पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. घरी कोकणी, शाळेत मराठी, बाजारात कानडी, अशा तीन भाषांत वाढलो. वरची उत्तरे मी मन लावून वाचली आणि त्यांतून मला बरेच कळले, तरीही थोडा विरोध नोंदवतो.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण काचेपेक्षा ते तातडीचे आहे. आम्ही सिद्दी जौहरचे कोणी नाही. आफ्रिकेतून दख्खनमध्ये आलेले काही लोक सरदार झाले, त्यांनी किल्ले आणि आरमारे सांभाळली. आमचे पूर्वज घरकामाला आणि ओझी वाहायला आणलेले होते, आणि त्यांनी आरमार नव्हे, रान गाठले. माझ्या आजीला जौहर माहीत नव्हता, अंबर माहीत नव्हता; “आम्ही गोंयच्या वाटेन आयलीं” एवढेच ती सांगे. आमच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि बेळगाव व धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींना अनुसूचित जमातीत घेणारा कायदा २०२० मध्ये झाला. उत्तर कन्नडमधील आमच्या नातेवाइकांना ते स्थान त्याच्या कितीतरी आधी मिळाले होते. एकाच कुटुंबातील दोन बहिणी, एक उत्तर कन्नडमधील हल्याळला दिलेली आणि एक खानापूरला, यांच्या मुलांना वेगवेगळे दाखले मिळत. इतिहास दाखवायचा तर तो इतका अलीकडचाही आहे.

आता काचेविषयी. व्हेनिसच्या कलावंताने व्हेनिसची काच घेतली, प्लंबरने तांबे घेतले, हे ताईंनी फार नेमके दाखवले. मग त्याच न्यायाने खानापूरच्या सिद्दींसाठी काच का? आमच्या घरात काच म्हणजे बांगडी आणि कंदिलाची चिमणी. आमच्या हातची वस्तू कवंदी, म्हणजे आमची गोधडी, आहे. जुन्या लुगड्याच्या पाठीवर जुन्याच कपड्यांचे तुकडे ठेवून बायका एका कडेपासून टाके घालायला सुरुवात करतात आणि चारी बाजूंनी फिरत मध्यापर्यंत येतात. शेवटी चार कोपऱ्यांना ‘फुला’ लावतात, कापडाच्या त्रिकोणी घड्यांचे एकावर एक थर. फुला नसलेली कवंदी नागवी दिसते असे आमच्याकडे म्हणतात. आमच्या माणसांचे जुने कपडे त्यात असतात, गेलेल्यांचेही. सरांना आमच्यासाठी साक्षीदार हवा असेल तर तो घरोघरी दोरीवर वाळत पडलेला आहे.

सर सिद्दी नाहीत ही माझी तक्रार नाही. आधी साहित्य ठरले आणि मग आम्ही आठवलो, एवढेच मला खटकले.

काळी पोत, टिळकवाडी

दादा, आपला मुद्दा मला मान्य आहे, आणि माझ्याच युक्तिवादाचे टोक आपण माझ्याकडे वळवलेत याचे कौतुकही वाटले. एक भर घालते. जॉइस स्कॉट यांच्या आई एलिझाबेथ टॅलफोर्ड स्कॉट गोधड्या शिवत; त्या गोधड्या आज कलाकृती म्हणून संग्रहालयांत मानाने ठेवल्या जातात. मुलीने सुई आईकडून घेतली आणि कापडाच्या जागी मणी आणले. म्हणजे तिथेही काचेचा उगम गोधडीतच आहे. कवंदीच्या फुलांवर मुलांनी केलेले मणी ओवता येतील का?

रानवाट

ताई, कवंदीवर लेकरू झोपवायचे असते. मणी टोचतील.

निपाणीकर

चर्चा शिल्पाची आहे आणि मी खिडकीचे उदाहरण देत आहे, त्याबद्दल क्षमस्व. १५ सप्टेंबर १९६३ रोजी अमेरिकेत अलाबामातील बर्मिंगहॅम शहरी कृष्णवर्णीयांच्या एका चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी बॉम्ब ठेवला आणि त्यात चार मुली मृत्युमुखी पडल्या. ती बातमी वाचून वेल्समधील जॉन पेट्स या काच-कलावंताने नवी रंगीत खिडकी करून देण्याचे ठरवले. वेल्समधील एका वृत्तपत्राने त्यासाठी वर्गणी काढली, पण कोणीही अर्ध्या क्राउनपेक्षा, म्हणजे अगदी किरकोळ रकमेपेक्षा, जास्त द्यायचे नाही असे बंधन घातले. ही भेट एखाद्या धनिकाची न ठरता साऱ्या लोकांची ठरावी हा हेतू. १९६५ मध्ये ती खिडकी बसली. तिच्यावरील ख्रिस्त कृष्णवर्णीय आहे.

हे वाचताना मला आपला पैसा फंड आठवला. दर माणशी एक पैसा जमवून तळेगावात १९०८ मध्ये काच कारखाना निघाला होता. सरांनी प्रत्येक घराकडून एक रिकामी बाटली मागावी, सिद्दी आणि बिगरसिद्दी दोन्ही वाड्यांतून. वर्गणी देणाऱ्याला आपण कशासाठी दिले हे विचारावेसे वाटते, आणि मग जौहर कोण व आपल्या शेजारचे लोक कोण हे समजावून सांगण्याची वेळ आपोआप येते.

चित्रकलाशिक्षक, खानापूर

सर्वांचे आभार. रानवाट यांनी खटकले म्हणून जे लिहिले ते बरोबर आहे. मी झुंबर पाहून निघालो आणि मुलांपर्यंत नंतर पोहोचलो. काल त्या मुलाच्या घरी जाऊन आलो. त्याच्या आजीने कवंदी दाखवली, हातात मात्र दिली नाही, आणि ती स्नेहसंमेलनाला स्वतः घेऊन येऊन शेजारी बसेन, नाहीतर येणार नाही, असे सांगितले. ते मला योग्य वाटते. कवंदीला काही जोडायचे नाही. तिच्यासमोर, वेगळ्या पाटावर, मुलांनी केलेले मणी मांडू: घरटी एक बाटली, एका बाटलीचा एक मणी, आणि शेजारी जुन्या बाजारभावासारखी पाटी, ‘कापड, कडी, मणी’, त्या बदल्यात काय घेतले जाई ते दुसऱ्या ओळीत. पाटी मराठीत, कोकणीत आणि कानडीत असेल. कोकणी मजकूर रानवाट यांनी तपासून द्यावा ही विनंती. त्या मुलाला जौहरविषयीचे उत्तर मी तुमच्याच शब्दांत सांगितले. त्याने विचारले, “मग रानात आल्यावर पहिल्या रात्री ते कुठे झोपले असतील?” हेही मला माहीत नाही.

उद्यमबागच्या काकांना एक विचारतो. कसावा आमच्याकडे मिळत नाही. मण्याला भोक पडण्यासाठी भाताचे काड चालेल का? ते इथे हवे तितके आहे.

उद्यमबाग भट्टी

भाताचे काड नको. त्याच्या राखेत वाळूचाच अंश फार असतो, ती काचेला धरून बसते आणि भोक बुजते. एरंडाच्या पानाचा देठ वाळवून बघा, किंवा पपईचा, आतून पोकळ असतो म्हणून चटकन जळतो. दोन्ही थोडे थोडे घेऊन शनिवारी या, आधी पाच-सहा मणी करून पाहू. साचा कुंभाराकडून करून आणा, खळगे बोटाच्या पेरापेक्षा खोल नकोत.